पाटकऱ्याचं कारंजं

अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरात ग्रिफिथ पार्क नावाचं एक भलंमोठं उद्यान आहे. उद्यानाच्या एका कोपऱ्याशी, लॉस फेलिझ आणि रिव्हरसाइड हे दोन रस्ते मिळतात तिथे, एक कारंजं आहे. गोल हौद, मधोमध उंच उडणारी धार, रात्री रंग बदलणारे दिवे. आपल्याकडच्या एखाद्या बागेत शोभेल असंच. १ ऑगस्ट १९४० रोजी ते सुरू झालं. त्यासाठी लोकांनी वर्गणी दिली होती. १९७६ मध्ये शहराने त्याला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला.

हे कारंजं विल्यम मलहॉलंड या इंजिनिअरच्या स्मरणार्थ बांधलं आहे. लॉस एंजेलिसला पाणी देणारा माणूस म्हणून शहर त्याला मानतं. शहराच्या उत्तरेला तीनेकशे किलोमीटरवर ओवेन्स नावाचं खोरं आहे. तिथे मात्र कित्येक घरांत हेच नाव पाणी पळवणारा माणूस म्हणून घेतलं जाई. आणि शहरापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर सॅन फ्रान्सिस्किटो नावाची एक घळ आहे. १९२८ सालच्या एका रात्री तिथे मलहॉलंडने बांधलेलं धरण फुटलं आणि चारशेहून अधिक माणसं मेली.

एकाच माणसाच्या नावाशी जोडलेल्या या तीन गोष्टी. शाळेत आपण शास्त्रज्ञांची आणि इंजिनिअरांची चरित्रं शिकवतो तेव्हा बहुधा पहिलीच गोष्ट सांगून थांबतो. या लेखात आपण तिन्ही पाहू. कारण धरण का फुटलं हे समजून घेताना दाब, वजन, घर्षण आणि खडक हे आपल्याच पाठ्यपुस्तकातले धडे कामाला येतात. आणि त्यापुढचा एक धडाही हाती लागतो, जो बहुतेक पाठ्यपुस्तकांत नसतो.

पाटाची राखण करणारा तरुण

मलहॉलंडचा जन्म १८५५ सालचा, आयर्लंडमधल्या बेलफास्टचा. लहानपण डब्लिनमध्ये गेलं. कोवळ्या वयातच तो जहाजावर खलाशी झाला, १८७४ मध्ये न्यूयॉर्कला उतरला आणि मिळेल ते काम करत १८७७ मध्ये लॉस एंजेलिसला पोचला. तेव्हा ते जेमतेम दहा-अकरा हजार वस्तीचं गाव होतं.

या गावाला पाणी कसं मिळे? १७८१ मध्ये स्पॅनिश लोकांनी गाव वसवलं तेव्हापासून नदीतून एक मुख्य पाट काढलेला होता. त्या पाटाचं नावच ‘आई-पाट’ अशा अर्थाचं होतं. पाटाची राखण करणारा, गवत-गाळ काढणारा, पाणी सोडणारा-बंद करणारा एक माणूस असे. आपल्याकडे कालव्यावर असतो तो पाटकरीच म्हणा ना. १८७८ मध्ये मलहॉलंडला हीच नोकरी मिळाली. पाटाच्या कडेला एका छोट्या खोपटात तो राहायचा. आजचं कारंजं त्या खोपटाच्या जागेजवळच आहे.

त्याने इंजिनिअरिंगचं कॉलेज कधी पाहिलं नाही. पुढे त्याने स्वतःच सांगितलेली एक आठवण फार बोलकी आहे. एका विहिरीसाठी जमिनीत छिद्र पाडण्याचं काम चाललं होतं. सुमारे सहाशे फुटांवर झाडाचं खोड लागलं, आणखी खाली जीवाश्म लागले. इतक्या खोल झाड आलं कुठून, हा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देईना. त्याने भूशास्त्राचं पुस्तक मिळवलं आणि तिथून त्याच्या अभ्यासाला सुरुवात झाली. दिवसा पाटावर राबायचं, रात्री गणित, भूशास्त्र आणि जलविज्ञानाची पुस्तकं वाचायची. १८८६ मध्ये तो पाणीपुरवठा कंपनीचा प्रमुख झाला. १९०२ मध्ये शहराने ही खाजगी कंपनी विकत घेतली, तेव्हा नळांच्या जाळ्याची खडान्‌खडा माहिती असलेला हा माणूसही शहराच्या नोकरीत आला.

ही आठवण लक्षात ठेवा. दगडांविषयीच्या कुतूहलातून घडलेला हा इंजिनिअर पुढे दगडांपाशीच चुकला.

पंपाशिवाय तीनशे पंचाहत्तर किलोमीटर

१९०० साली लॉस एंजेलिसची वस्ती एक लाखाच्या वर गेली. १९१० मध्ये ती तीन लाखांच्या पुढे होती. पाऊस कमी, नदी लहान. पाणी आणायचं कुठून?

शहराचे माजी महापौर फ्रेड ईटन यांनी एक जागा हेरली होती. सिएरा नेवाडा या पर्वतरांगेच्या पूर्वेला ओवेन्स नदीचं खोरं आहे. पर्वतावरचं बर्फ वितळून नदीला पाणी येतं. ही नदी समुद्राला मिळत नसे. ती ओवेन्स सरोवरात जाऊन संपत असे. १९०४ मध्ये ईटन मलहॉलंडला तिथे घेऊन गेले. मलहॉलंडच्या लक्षात आलं की जिथून पाणी उचलायचं ती जागा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० फूट उंच आहे आणि शहर तिच्यापेक्षा खूप खाली. म्हणजे पाणी आपल्या पायांनी चालत येईल!

१९०८ ते १९१३ या काळात २३३ मैल, म्हणजे सुमारे ३७५ किलोमीटर लांबीचा जलमार्ग बांधून झाला. उघडे कालवे, झाकलेले कालवे, शंभराहून अधिक बोगदे आणि पोलादी नळ, असा सगळा प्रकार. वाटेत एकही पंप नाही. आज त्याच्या स्मारकाच्या कारंज्याला मात्र पंप लागतो. तेच तेच पाणी पंपाने पुन्हा पुन्हा वर उडवलं जातं.

विद्यार्थी इथे हमखास विचारतील, की वाटेत दऱ्या आल्या त्यांचं काय? दरी ओलांडायला ‘उलटा सायफन’ वापरला. इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा नळ एका काठावरून दरीत उतरतो आणि दुसऱ्या काठावर चढतो. दोन्ही टोकांमध्ये पलीकडचं टोक थोडं खाली ठेवलं की पाणी आपोआप वर चढून बाहेर पडतं. एक पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घेऊन वर्गात हे दोन मिनिटांत दाखवता येतं.

पण नळीत जे सहज घडतं ते दरीत महागात पडतं. यातला सगळ्यात खोल सायफन जॉबोन नावाच्या दरीतला. त्यात पाण्याची उंची सुमारे ८५० फूट, म्हणजे २६० मीटर. दर १० मीटर पाण्याला साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब, या हिशेबाने तळाशी किती दाब आला? २६ किलो. म्हणजे आपल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर एका मोठ्या विद्यार्थ्याच्या दप्तरासकट निम्म्या वजनाचा भार! म्हणून तळाशी नळाचा पोलादी पत्रा एक इंचाहून जाड घेतला होता. हे अवजड नळ वाळवंटातून ओढून न्यायला बावन्न-बावन्न खेचरं एकेका गाड्याला जुंपली जात.

५ नोव्हेंबर १९१३ रोजी पाणी शहराच्या वेशीवर पोचलं. हजारो लोक जमले होते. मलहॉलंडने पाण्याकडे हात करून जे भाषण केलं ते एवढंच, की ते पाहा पाणी, घ्या! इतकं छोटं भाषण आणि इतकं गाजलेलं, असं उदाहरण विरळाच.

पाणी गेलेलं खोरं

शहराने ओवेन्स खोऱ्यातल्या जमिनी आणि त्यांच्याबरोबर पाण्याचे हक्क विकत घेतले होते. म्हणजे कागदोपत्री व्यवहार रीतसर होता. पण सुरुवातीला ईटन जमिनी घेत हिंडत होते तेव्हा ते शहरासाठी घेत आहेत याचा पत्ता खोऱ्यातल्या लोकांना नव्हता. त्याच वेळी केंद्र सरकारचं पाटबंधारे खातं तिथल्याच शेतकऱ्यांसाठी एक योजना आखत होतं, आणि त्या खात्याचा तिथला अधिकारी लॉस एंजेलिस शहराकडूनही सल्ल्याचे पैसे घेत होता. सरकारी योजना पुढे बारगळली. इकडे शहरालगतच्या सॅन फर्नांडो खोऱ्यात काही धनिकांनी आधीच स्वस्तात जमिनी घेऊन ठेवल्या होत्या. पाणी आल्यावर त्यांचे भाव कुठच्या कुठे गेले.

त्याही आधीची एक गोष्ट सांगायला हवी. गोरे शेतकरी येण्यापूर्वी या खोऱ्यात पैयूट लोक पाट काढून जमीन भिजवत असत. त्यांचं पाणी आणि जमीन त्यांच्याकडून पहिल्यांदा हिरावलं गेलं ते या शेतकऱ्यांकडूनच. शहर त्यानंतर आलं.

१९२० नंतर काही वर्षं पाऊस कमी झाला, शहराची तहान वाढली आणि खोऱ्यातलं उरलंसुरलं पाणीही जाऊ लागलं. मे १९२४ मध्ये जलमार्ग सुरुंग लावून उडवण्यात आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खोऱ्यातल्या लोकांनी एका ठिकाणची दारं ताब्यात घेऊन चार दिवस पाणी परत नदीत सोडलं. बायकामुलांसह तिथे जेवणावळी झाल्या. १९२७ मध्ये पुन्हा सुरुंग उडाले. पण त्याच वर्षी शेतकऱ्यांच्या पुढाऱ्यांची बँक बुडाली, अफरातफर उघड झाली आणि चळवळीचा कणा मोडला.

सुमारे शंभर चौरस मैलांचं ओवेन्स सरोवर १९२० च्या दशकातच आटलं. ते बंदिस्त सरोवर होतं, त्यामुळे हजारो वर्षांचे क्षार तळाशी साठलेले होते. पाणी गेल्यावर हा क्षारांचा भुगा वाऱ्याबरोबर उडू लागला. पुढे मोजमापं झाली तेव्हा श्वासावाटे आत जाणाऱ्या सूक्ष्म धुळीचा हा अमेरिकेतला सर्वांत मोठा एकच एक स्रोत असल्याचं दिसून आलं. २००१ पासून लॉस एंजेलिसला ही धूळ बसवण्यासाठी आटलेल्या सरोवरावर पुन्हा पाणी पसरावं लागतं आहे. त्यावरचा खर्च दोन अब्ज डॉलरच्या वर गेला आहे. पाणी फुकट येत नाही, त्याचं बिल कधी कधी पणतवंडांच्या नावावर येतं.

बारा मार्च १९२८

इतका लांब जलमार्ग सुरुंगाने तुटला किंवा भूकंपाने खचला तर शहर किती दिवस तग धरणार? म्हणून शहराच्या जवळ मोठा साठा हवा असं मलहॉलंडने ठरवलं. सॅन फ्रान्सिस्किटो घळीत १९२४ ते १९२६ या काळात सेंट फ्रान्सिस धरण बांधलं गेलं. काँक्रीटचं, किंचित कमानदार, पण मुख्यतः स्वतःच्या वजनावर उभं राहणारं धरण. साठा ३८,००० एकर-फूट. आपल्या पाटबंधारे खात्याच्या भाषेत सुमारे १.६५ टीएमसी, म्हणजे पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या साठ्यापेक्षा थोडा कमी.

७ मार्च १९२८ च्या सुमारास धरण पहिल्यांदाच काठोकाठ भरलं. इथे-तिथे ओल होती, भेगा होत्या. मोठ्या काँक्रीटच्या धरणात थोडी गळती असतेच, असं मलहॉलंडचं मत होतं, आणि ते चुकीचंही नव्हतं. १२ मार्चच्या सकाळी धरणाच्या राखणदाराला पश्चिमेच्या बाजूने एक नवी गळती दिसली. पाणी गढूळ होतं. त्याने फोन केला.

गढूळ पाण्याने तो का घाबरला असेल? स्वच्छ पाणी झिरपत असेल तर ते नुसतंच वाट काढत बाहेर येतं आहे. पाणी गढूळ असेल तर ते येताना काहीतरी घेऊन येतं आहे, आणि ते ‘काहीतरी’ म्हणजे धरणाचा पाया असू शकतो.

मलहॉलंड आणि त्याचा सहायक तडक आले. दोन तास त्यांनी पाहणी केली. गळतीच्या तोंडाशी पाणी स्वच्छ आहे, शेजारी नव्या रस्त्याचं काम चाललं आहे त्याची सैल माती मिसळून ते पुढे गढूळ होतं आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. धरण सुरक्षित आहे असं सांगून ते दुपारी शहराला परतले.

त्याच रात्री, मध्यरात्रीला अडीच-तीन मिनिटं असताना, धरण फुटलं. तळाशी पाण्याची भिंत शंभर फुटांहून उंच होती. राखणदार, त्याचा लहान मुलगा, वीजघरातली कुटुंबं पहिल्या काही मिनिटांतच गेली. पुढे एका वीज कंपनीच्या सुमारे दीडशे कामगारांचा तंबूंचा तळ होता, त्यातले निम्म्याहून अधिक बुडाले. त्यापुढच्या सांता क्लारा नदीच्या खोऱ्यात फळबागांमध्ये राबणाऱ्या मेक्सिकन मजुरांच्या वस्त्या होत्या. ५४ मैलांचं अंतर साडेपाच तासांत कापून पूर पहाटे समुद्राला मिळाला. सरासरी वेग किती, हे विद्यार्थ्यांना काढू द्या. ताशी दहा मैलांच्या आसपास येईल. माणूस पळू शकतो, पण झोपेतला माणूस पळू शकत नाही. सांता पॉला गावात टेलिफोनवरच्या मुली जागेवरून न हलता घरोघरी फोन लावत राहिल्या आणि दोन पोलीस मोटरसायकलवरून दारं ठोठावत फिरले, म्हणून तिथले अनेक जीव वाचले. एकूण किमान ४३१ माणसं मेली असं आता मानलं जातं. नक्की आकडा कधीच कळणार नाही, कारण मजुरांची नोंद कुणाकडे नव्हती.

धरण का फुटलं?

आता आपल्या धड्याकडे येऊ. धरण ही खरं तर तीन गोष्टींची कुस्ती आहे. पाणी आडवं ढकलतं. धरणाचं वजन खाली दाबतं, आणि त्यामुळे पायाशी घर्षण निर्माण होतं. तिसरा पैलवान डोळ्यांना दिसत नाही. धरणाच्या तळाखाली, खडकाच्या फटींत शिरलेलं पाणी धरणाला वर उचलतं.

आकडे घालून पाहू. हे धरण सेंट फ्रान्सिसचं नाही, समजायला सोपं असं एक काल्पनिक त्रिकोणी धरण आहे. उंची ६० मीटर, पायाची रुंदी ४८ मीटर, धरणाची लांबी १ मीटर धरू.

पाण्याचा आडवा रेटा: दाब वर शून्य आणि तळाशी ६०, म्हणजे सरासरी ३०. ३० × ६० = १,८०० टन.

धरणाचं वजन: त्रिकोणाचं क्षेत्रफळ १,४४० चौरस मीटर. काँक्रीट पाण्याच्या २.४ पट जड, म्हणून ३,४५६ टन.

आता तळाखाली पाणी शिरलं असं समजू. पाण्याच्या बाजूला त्याचा दाब पूर्ण, म्हणजे ६०. पलीकडच्या टोकाला शून्य. सरासरी ३०. ३० × ४८ = १,४४० टन वरच्या दिशेने.

म्हणजे ३,४५६ टनांचं धरण २,०१६ टनांचंच उरलं! पाणी शिरण्याआधी रेटा वजनाच्या ०.५२ पट होता. आता तो ०.८९ पट झाला. घर्षणाने धरण जागेवर राहायचं तर घर्षणांक याहून मोठा हवा. खडबडीत, पक्क्या खडकावर पहिला आकडा सहज मिळेल. मऊ किंवा निसरड्या खडकावर दुसरा मिळणं कठीण.

१,४४० हा आकडा पुन्हा आला हे चौकस विद्यार्थ्याच्या लक्षात येईल. धरणाचं घनफळही १,४४० आहे. म्हणजे तळाखाली असा दाब पोचला तर धरण जणू सबंधच्या सबंध पाण्यात बुडवल्याइतकं हलकं होतं. काँक्रीटचा एक तुकडा तराजूच्या काट्याला टांगा, वजन घ्या आणि मग बादलीतल्या पाण्यात बुडवून पुन्हा घ्या. २४०० ग्रॅमचा तुकडा १४०० ग्रॅम भरेल. आर्किमिडीजचा धडा आणि धरणाचा पाया, दोन्ही एकाच बादलीत दिसतात.

हे १९२८ मध्ये माहीत नव्हतं का? होतं. १८९५ मध्ये फ्रान्समधलं बूझे धरण फुटलं, त्यानंतर खालून उचलणाऱ्या दाबाची चर्चा इंजिनिअरांच्या जगात भरपूर झाली होती. त्यावर उपायही ठाऊक होता. तळाखाली निचऱ्याची भोकं ठेवायची, म्हणजे दाब साठतच नाही. मोठ्या काँक्रीट धरणाच्या पोटातला बोगदा पाहायची संधी तुम्हाला मिळाली असेल, तर तिथल्या चरातून वाहणारं पाणी आठवा. ते गळतीचं लक्षण वाटतं, पण त्याला मुद्दाम वाट करून दिलेली असते.

सेंट फ्रान्सिस धरणात अशी दहा भोकं होती, आणि ती फक्त मधल्या भागात होती. धरण फुटल्यावर काय उरलं ठाऊक आहे? दोन्ही बाजू वाहून गेल्या आणि मधला भाग थडग्याच्या दगडासारखा एकटा उभा राहिला.

शिवाय बांधकाम चालू असताना धरणाची उंची दोनदा, दहा-दहा फुटांनी वाढवली गेली. १७५ फुटांचं धरण १९५ फुटांचं झालं, पण पाया त्या मानाने रुंद केला नाही. रेटा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १९५ भागिले १७५, त्याचा वर्ग करा. सुमारे २४ टक्के वाढ. उलथवण्याचा जोर तर उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. तिथे वाढ ३८ टक्के होते. वीस फूट म्हणजे ‘थोडंसंच’ असं वाटणाऱ्याने हे गणित करून पाहावं.

आणि खडक? पश्चिमेच्या बाजूला लाल रंगाचा, गोटे-वाळू चिकटून झालेला पिंडाश्म होता. कोरडा असताना चांगला टणक. पण त्यात जिप्सम आणि चिकणमाती होती. धरण फुटल्यावर तपासणी करणाऱ्यांनी त्याचा तुकडा पाण्याच्या पेल्यात टाकला, तर पाहता पाहता त्याचा चिखल झाला. पूर्वेच्या बाजूला शिस्ट नावाचा पापुद्र्यांचा खडक होता. पत्त्यांचा जोड तिरका ठेवावा तसे त्याचे थर धरणाकडे उतरत होते.

चौकशी समितीने अवघ्या काही दिवसांत निष्कर्ष काढला, की पश्चिमेचा लाल खडक भिजून मऊ झाला आणि तिथून धरण गेलं. ते सगळ्यांना पटलं. पेल्यातला खडक सगळ्यांनी पाहिला होता ना! पण १९९० च्या दशकात डेव्हिड रॉजर्स या भूशास्त्रज्ञ-इंजिनिअरने वाहून गेलेले काँक्रीटचे ठोकळे कुठे कुठे सापडले, फोटोंत काय दिसतं, दाबाची गणितं काय सांगतात हे सगळं पुन्हा तपासलं. त्यांच्या मते धरणाची पूर्वेची बाजू एका पुरातन दरडीवर टेकलेली होती. तिच्यात पाणी मुरलं, दरड पुन्हा हलली आणि सुरुवात तिथून झाली. आज हेच स्पष्टीकरण जास्त मानलं जातं. नजरेत भरणारा पुरावा नेहमीच मुख्य पुरावा असतो असं नाही, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण आम्हाला तरी सापडलेलं नाही. पुरातन दरड ओळखण्याइतकं भूशास्त्र १९२० च्या दशकात कुणाजवळच पुरेसं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे.

एकट्याचा निर्णय

कोरोनरच्या चौकशीत बहात्तर वर्षांचा मलहॉलंड उभा राहिला. दुसऱ्या कुणाला दोष देऊ नका, माणसाच्या हातून चूक झाली असेल तर तो माणूस मी आहे, असं त्याने सांगितलं. मेलेल्यांचा आपल्याला हेवा वाटतो, असंही तो म्हणाला. ज्यूरीने त्याच्यावर गुन्हा ठेवला नाही, पण एक वाक्य लिहून ठेवलं. मोठ्या धरणाचं बांधकाम आणि देखभाल कधीही एका माणसाच्या निर्णयावर सोडू नये, मग तो कितीही नामवंत असो, असा त्याचा आशय होता.

आमच्या मते या सगळ्या प्रकरणाचं सार या वाक्यात आहे. मलहॉलंड हलगर्जी किंवा लबाड होता असं दिसत नाही. अडचण अशी होती की त्याला ‘हे पुन्हा एकदा तपासू’ असं म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. शहरांनी स्वतःच्या इंजिनिअरांकडून बांधून घेतलेल्या धरणांना तेव्हा राज्य सरकारची तपासणी लागू नव्हती. बाहेरच्या तज्ज्ञांकडून आराखडा तपासून घेतला गेला नाही. आणि गढूळ पाणी पाहणाऱ्या राखणदाराची शंका जिथे निकाली निघाली, तिथे निकाल देणारा स्वतः धरणाचा कर्ताच होता. आपल्या उत्तरपत्रिका आपणच तपासाव्यात तसं!

१९२९ मध्ये कॅलिफोर्नियाने धरणांवर राज्याची देखरेख सक्तीची केली आणि सिव्हिल इंजिनिअरांची नोंदणी सुरू केली. मलहॉलंडनेच हॉलिवुडच्या डोक्यावर बांधलेल्या तशाच धरणाच्या बाहेरच्या अंगाला पुढे मातीचा प्रचंड भराव घालून ते बळकट करण्यात आलं. आपल्याकडे पानशेत आणि खडकवासला ही धरणं १२ जुलै १९६१ रोजी फुटली. पानशेत मातीचं होतं, कारणंही वेगळी होती, पण धरणाच्या तब्येतीवर बाहेरच्या नजरेची गरज तिथेही तितकीच होती. भारतात धरण सुरक्षेचा देशव्यापी कायदा २०२१ मध्ये झाला.

मलहॉलंड १९२८ च्या अखेरीस निवृत्त झाला आणि १९३५ मध्ये वारला. पाच वर्षांनी कारंजं उडू लागलं. फुटलेल्या धरणाच्या जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला तो २०१९ मध्ये, म्हणजे एक्क्याण्णव वर्षांनी.

वर्गात करून पाहा

१. गावाभोवतालचे चार-पाच प्रकारचे दगड गोळा करा: काळा बसाल्ट, मुरूम, शाडूचा वाळलेला ढेकूळ, वीट, सिमेंटचा तुकडा. प्रत्येक पाण्याच्या पेल्यात टाका. पाच मिनिटांनी, तासाने आणि दुसऱ्या दिवशी काय झालं ते लिहा. कोरडा असताना नखाने ओरखडा उठतो का, हे आधी पाहून ठेवा. कोरड्याचा टणकपणा आणि ओल्याचा टणकपणा यांचा संबंध लागतो का?

२. वर दिलेल्या काल्पनिक धरणात निचऱ्याची भोकं ठेवल्यामुळे खालचा दाब निम्मा झाला असं समजा. रेटा वजनाच्या किती पट होईल?

३. तुमच्या गावाला पाणी कुठून येतं? ते तिथून निघण्याआधी कुणाच्या उपयोगाचं होतं? गावातल्या वयस्क माणसांना विचारा.

४. कारंज्याजवळ एक नवी पाटी लावायची आहे आणि तिच्यावर पाचच ओळी मावतात. विद्यार्थ्यांचे तीन गट करा. एक गट शहरातल्या लोकांचा, दुसरा ओवेन्स खोऱ्यातल्यांचा, तिसरा सांता क्लारा नदीकाठच्यांचा. प्रत्येकाने आपापली पाटी लिहावी. मग तिन्ही गटांनी एकत्र बसून एकच पाटी लिहावी, आणि तिच्यात एकही वाक्य खोटं नसावं.

चौथं काम सगळ्यांत अवघड आहे. आम्ही लिहायला बसलो तेव्हा पाच ओळींत आम्हालाही ते जमलं नाही, म्हणून हा लेख एवढा लांबला.